माणशी की खाटेमागे?

२०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनांना, दोन मापांनी पैसे मोजले. युक्रेनहून येऊन यजमानांच्या, म्हणजे आपलं घर देऊ करणाऱ्या सामान्य लोकांच्या, घरी राहिलेल्यांसाठी माणशी १०,५०० पौंड. आश्रय मागणाऱ्या इतरांसाठी नव्या खाटेमागे, म्हणजे एका माणसाच्या राहण्याच्या नव्या जागेमागे, ३,५०० पौंड. कामात फरक होता, हे मान्य. युक्रेनियन कुटुंब ज्या घरी उतरणार ते घर तपासणं, यजमानाची पोलीस-नोंद पाहणं, त्याला दरमहा ३५० पौंड पोचवणं, सगळं कौन्सिलकडेच. आश्रयार्थींच्या राहण्याची सोय मात्र सरकारचं गृहखातं परस्पर कंत्राटदारांमार्फत बघतं. पण कौन्सिलच्या शाळाप्रवेशाच्या टेबलावर दोघांच्या मुलांचे अर्ज सारखेच जाड असतात. त्यामुळे मला माणशी हिशेबच पटतो. खाट काही शाळेत जात नाही. अर्थात १ जानेवारी २०२३ पासून येणाऱ्या युक्रेनियनांसाठी तोही दर ५,९०० वर उतरवला गेला.