हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: जुन्या गाडीच्या गंजलेल्या स्क्रूंवर आठ महिने वापरल्यानंतर

दरवाजाच्या बिजागरीचा पहिला स्क्रू मी साध्या स्क्रूड्रायव्हरने बिघडवला आणि त्याच संध्याकाळी हे हत्यार मागवलं. त्याला आता आठ महिने झाले. गाडी साठच्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची, चार दरवाज्यांची. कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेली. नुसत्या हाताच्या जोराने फिरेल असा स्क्रू तिच्या खालच्या अर्ध्या भागात शोधूनही सापडला नाही.

हत्यार दिसायला अगदी ओबडधोबड. जाड लोखंडी दंडगोल, पुढे अर्ध्या इंचाचा चौकोनी ड्राइव्ह, त्यावर बिट (स्क्रूच्या खोबणीत बसणारं सुटं टोक) धरणारा होल्डर. मागच्या टोकावर हातोडी मारली की आतला कॅम, म्हणजे तिरक्या उताराचा भाग, त्या फटक्याचं वळण करतो. बिट फिरतं थोडंसंच, पण फिरताना ते खोबणीत खालीही दाबलं जातं. माझ्या मते हत्याराची खरी किंमत या दाबण्यात आहे. बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर माझ्याकडे आधीपासून होता. तो सरसर फिरतो खरा, पण बिट दाबून धरायला आपला मनगटाचा जोर तेवढा असतो, आणि गंजलेल्या स्क्रूपुढे तो पुरत नाही.

फुलीच्या स्क्रूचं दुखणं त्याच्या आकारातच आहे. खोबणीच्या कडा उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर चढतं आणि निसटताना कडा खरवडून नेतं. १९३६ साली हेन्री फिलिप्स यांना या स्क्रूचं पेटंट मिळालं आणि मोटार कारखान्यांनी तो लगेच उचलला, कारण बिट आपोआप मध्यभागी बसतं आणि जोडणी झपाट्याने होते. कारखान्याला स्क्रू पटकन बसवायचा होता. पन्नास वर्षांनी तो काढायचा कोणी, हा प्रश्न त्यांचा नव्हता.

पहिल्या महिन्यात मी हत्यारालाच नावं ठेवत होतो. फटका मारला की बिट खोबणीत डुगडुगायचं आणि दोन-तीन फटक्यांत कडा चकचकीत दिसायला लागायच्या. शेवटी दाभण घेऊन खोबणीतले रंगाचे थर खरवडले, वायर ब्रश मारला, तेव्हा फुलीच्या चार हातांमध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसल्या. म्हणजे स्क्रू फिलिप्स नव्हताच, पोझीड्राइव्ह या फुलीच्याच दुसऱ्या प्रकारचा होता. दोन्ही सारखेच दिसतात आणि एकाचं बिट दुसऱ्यात बसल्यासारखं वाटतंही, पण पूर्ण टेकत नाही. शिवाय बिजागरीच्या ५/१६ इंची स्क्रूला चार नंबरचं बिट लागतं आणि हत्यारासोबत आलेल्या पेटीत सगळ्यात मोठं होतं तीन नंबरचं. चार नंबरचं पोझीड्राइव्ह बिट वेगळं आणलं आणि ज्या स्क्रूवर मी दोन दिवस घालवले होते तो चौथ्या फटक्याला हलला. तेव्हा हे घेणार असाल तर पेटीतल्या बिटांवर विसंबू नका. माझ्या पेटीतल्या एका बिटाचं टोक दुसऱ्याच आठवड्यात तडकून उडालं आणि चष्म्यावर आपटलं. चष्मा घातलेला होता, म्हणून हे लिहितोय.

हातोडीचंही तसंच. अर्ध्या किलोची हातोडी उसळी मारते आणि फटक्याचा दम वरच जिरतो. मी आता दीड किलोची वापरतो. फटके मोजके मारायचे, पण सरळ आणि ठाम. मारण्याआधी हत्यार हाताने सोडवायच्या दिशेला पिळून धरायचं, म्हणजे आतला ढिलेपणा निघून जातो. हे न करता मारलेला फटका वाया जातो. पहिले एक-दोन फटके मी मुद्दाम घट्ट करायच्या दिशेने मारतो. गंजाची पकड एकदा तुटली की मग स्क्रूला दिशेचं फारसं वावडं राहत नाही.

चार दरवाज्यांचे चोवीस स्क्रू. त्यातले एकवीस या हत्याराने निघाले, दोघांना आच द्यावी लागली, एकाने छळलं. त्याचं पुढे सांगतो.

तेलाबद्दल सगळ्यांची ठाम मतं असतात, माझंही आहे: कुठलं तेल यापेक्षा किती वेळ, हे जास्त महत्त्वाचं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट आतूनच ठासून भरलेली असते. तेल तिथे केसाएवढ्या भेगांतून झिरपत जातं, आणि त्याला घाई चालत नाही. मी रात्री तेल सोडतो, डोक्यावर पंच ठेवून चार टिचक्या मारतो, सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हत्यार हातात घेतो. डब्ल्यूडी-४० घरात असतंच, पण १९५३ साली ते बनलं ते धातूपासून पाणी दूर ठेवण्यासाठी; आट्यांत मुरण्यासाठी बनवलेली तेलं वेगळी मिळतात. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरणारेही पुष्कळ आहेत. मीही केलं. हे मिश्रण एकजीव राहत नाही, दर वेळी हलवावं लागतं, आणि अॅसिटोन भडकन पेट घेतं. त्यामुळे ते लावलेल्या जागेजवळ आच द्यायची गॅसची ज्योत नेण्याचा विचारही करू नका. ब्रेक क्लीनरचं त्याहून वाईट: क्लोरीनयुक्त क्लीनर तापला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आच द्यायची असेल तर जागा आधी कोरडी आणि स्वच्छ हवी. दरवाज्याच्या खांबात वायरी आणि अस्तर असतं, तेही आधी काढलं.

पोलादात पोलाद अडकलं असेल तर मी स्क्रूचं डोकं तापवतो आणि थंड होऊ देतो. फुगण्या-आकसण्यात गंज तडकतो. कोमट असताना मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ही युक्ती मला थोतांड वाटायची, पण दोन हट्टी स्क्रू तिनेच सुटले. अॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट असेल तर उलट करायचं, भोवतालचं अॅल्युमिनियम तापवायचं. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक मोठं होऊन बोल्ट मोकळा होतो.

अॅल्युमिनियमचा विषय निघालाच आहे तर माझी सगळ्यात महागात पडलेली चूक सांगतो. इंजिनावरच्या थर्मोस्टॅटच्या अॅल्युमिनियमच्या झाकणाचा बोल्ट तुटला. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, त्यामुळे तिथे पांढरी पूड धरून सगळं एकजीव झालेलं. मी भोक पाडून त्यात एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट काढायचा निमुळता, पिळाचा दांडा घातला आणि पान्याने फिरवला. तो आत तुटला. एक्स्ट्रॅक्टर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही, आणि निमुळता असल्यामुळे तो बोल्टला आतून फुगवून आणखी घट्ट करतो. शेवटी वेल्डिंगवाल्याने तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला आणि ती धग बसल्यावर सगळं पान्याने बाहेर आलं. आता माझ्याकडे उलट्या पिळाची ड्रिल बिटं आहेत. बारीकपासून सुरुवात करून जाडाकडे जायचं. पुष्कळदा भोक पाडता पाडताच तुकडा स्वतःहून उलटा फिरून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरची पेटी मी ठेवून दिली आहे, कुणी मागितली तर देऊन टाकेन.

हा ड्रायव्हर जिथे काढूच नये अशा जागाही आहेत. कार्ब्युरेटर, दिव्यांची ओतीव घरं, डॅशबोर्ड, पातळ पत्रा. फटका झेलायला मागे भक्कम आधार नसेल तर स्क्रू राहतो जागेवर आणि पत्र्याला पोचा येतो. मागच्या दिव्याच्या घराला मी असाच तडा पाडला. अशा ठिकाणी बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून हाताने जोर द्यायचा. पेस्टमधल्या खरखरीत कणांमुळे पकड बऱ्यापैकी सुधारते.

आता तो चोविसावा. आच झाली, मेण झालं, आठवडाभर तेल झालं, डोकं पार गुळगुळीत झालं. शेवटी डोकं ड्रिलने उडवलं, बिजागरी काढली, उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने (घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) धरून अर्धा-अर्धा फेरा पुढे-मागे करत काढला. आटे मोजले तर तो एम८, म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू निघाला. आधीच्या कुठल्यातरी मालकाने ५/१६ यूएनएफच्या (इंची मापाच्या बारीक आट्यांच्या) भोकात मिलिमीटरचा स्क्रू ठोकून बसवला होता. व्यास जवळपास सारखाच, ७.९४ आणि ८ मिलिमीटर, पण यूएनएफला इंचात २४ आटे आणि एम८ ला साधारण २०. एक-दोन फेरे जातो, मग आटे खात खात अडकतो. गंजाला मी उगाच शिव्या घातल्या. सुदैवाने भोकात यूएनएफचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवल्यावर पुरेसे आटे जिवंत सापडले.

परत बसवताना सगळे स्क्रू नवे घेतले, प्रत्येक भोकातून टॅप फिरवला आणि आट्यांना अँटी-सीझ (स्क्रू पुन्हा अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं. ते लावल्यावर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी ठेवायचा, नाहीतर निसरड्या आट्यांत स्क्रू गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

हत्याराचं स्वतःचं म्हणाल तर कॅम अजून ठणठणीत आहे. मागचं टोक मारून मारून छत्रीसारखं पसरलं, ते एकदा ग्राइंडरवर घासून घेतलं. कडेचा कपचा उडाला तर हातात घुसतो. हाताच्या बचावाचा रबरी पट्टा पहिल्याच महिन्यात फाटला. एक खरी तक्रार आहे ती दिशेच्या कॉलरची, म्हणजे सोडवायचं की घट्ट करायचं ते ठरवणाऱ्या फिरत्या कड्याची. ती सैल आहे आणि हात बदलताना नकळत उलटी फिरते. एका स्क्रूवर मी दहा-बारा दणदणीत फटके मारले आणि मग लक्षात आलं की मी त्याला घट्ट करत होतो. तेव्हापासून कॉलरवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवला आहे.