एटिमऑनलाइन वेबसाइट : 'नाइस' शब्द शोधून बघाच

इंग्रजी शब्द कुठून आला हे बघायचं असेल तर एटिमऑनलाइनला तोड नाही. साइट फुकट आहे, आणि डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकेतल्या एका माणसाने हे सगळं उभं केलंय, मला तर त्या माणसाबद्दल प्रचंड आदर वाटतो.

सुरुवात 'नाइस'पासून करा. आपण फोटो नाइस, साडी नाइस, माणूस पण नाइस असं दिवसभर म्हणतो ना, तर जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा, म्हणजे साधारण १३०० च्या आसपास, त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी! मूळ लॅटिन 'नेस्कियस', त्यात 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे, थोडक्यात ज्याला काही कळत नाही तो. त्याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आलाय, आणि तो 'ने' आपल्या संस्कृत 'न'चा सख्खा नातेवाईक. मग हळूहळू भित्रा, चोखंदळ, नाजूक, सोळाव्या शतकात काटेकोर, आणि 'छान' हा अर्थ यायला थेट १७६९ उजाडलं, 'प्रेमळ' तर १८३० चा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लिखाणात 'नाइस' दिसला तर लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं हे जाणकारांनाही बऱ्याचदा सांगता येत नाही. काटेकोरवाला अर्थ 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे अगदी बारीक फरक, यात आजही जिवंत आहे बरं का.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे जिथे खात्री नाही तिथे साइट सरळ 'कदाचित' लिहिते. 'मंगूस' बघा, तिथे आपल्या मराठी मुंगसाचं नाव येतं पण तेही 'कदाचित' लावूनच, उगाच ठोकून दिलेलं नाही. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंच की 'न्यूज' म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ, जे साफ खोटं आहे, तो साधा 'न्यू'पासून झालेला शब्द आहे. शाळेतल्या मुलांना असले फॉरवर्ड पाठ करायला लावण्यापेक्षा ही साइट उघडून दाखवा.

कमी एवढीच की ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसारखी प्रत्येक अर्थाला जुन्या वाक्यांची रांग इथे मिळत नाही, अभ्यासाला तीच लागते. आणि हो, काही धातूंच्या, म्हणजे शब्दांच्या मूळ रूपांच्या, आधी छोटा तारा (*) दिसेल, त्याचा अर्थ ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, नंतरच्या भाषांवरून अभ्यासकांनी बांधलेलं आहे, ते आधीच माहीत असलं की वाचताना गोंधळ होत नाही.