तीन पोर्टलं, एक लॉगिन: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे तीन पोर्टलं होती आणि तिन्हींचे पासवर्ड वेगळे. रजा-पगाराचं जावावर, कागदपत्रांचं डॉटनेटवर, प्रशिक्षणाचं पीएचपीवर, म्हणजे तिन्हींचं तंत्रज्ञानही निराळं. वरून फर्मान आलं, सगळं एकाच पानावर दिसलं पाहिजे. जोडणी करणाऱ्या चौघांत मी होतो आणि आता आठ महिने ती रोज वापरतोही आहे. म्हणजे शिव्या खाणारा मीच आणि घालणाराही मीच.

आधी चांगलं सांगतो. मधोमध कीक्लोक बसवलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने लॉगिन तपासणारं सॉफ्टवेअर. जुन्या डॉटनेट पोर्टलाला एसएएमएल २.० कळत होतं, लॉगिनची खात्री एका प्रणालीकडून दुसरीला पत्रासारखी पाठवायचं २००५ सालचं मानक; बाकी दोघांना ओपनआयडी कनेक्ट या त्याच कामाच्या नव्या मानकाने जोडलं. सकाळी एकदा लॉगिन केलं की तिन्ही दारं उघडतात. हे दोन आठवड्यांत झालं आणि तेव्हा वाटलं, जिंकलो!

मग पडदे, म्हणजे स्क्रीन, एकत्र आणायला घेतले. एका पोर्टलाचा तुकडा दुसऱ्यात दाखवायला डब्ल्यूएसआरपी नावाचं मानक २००३ मध्येच आलं होतं, पण आमच्या पीएचपीवाल्याला त्याचा गंधही नव्हता. म्हणून सरळ आयफ्रेम, म्हणजे एका पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटी, टाकल्या. पहिल्याच दिवशी चौकटीत लॉगिनचं पान, लॉगिन केलं की पुन्हा तेच पान. कारण कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात राहावं म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. २०२० मध्ये क्रोम ८० पासून सेमसाइट (कुकी परक्या साइटवरून पाठवायची की नाही हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी लॅक्स या मधल्या बंधनाची धरली जाते आणि परक्या साइटच्या चौकटीत ती जातच नाही. तिन्ही पोर्टलं एकाच मुख्य डोमेनच्या (वेबपत्त्याच्या) सबडोमेनवर आणली, तेव्हा कुठे ब्राउझर त्यांना एका घरातली मानायला लागला.

एवढं सगळं दिसणारं दुखणं होतं. खरं दुखणं निघालं ते माणूस ओळखण्यात.

आम्ही ओळख पटवायला ईमेल धरला होता. तिसऱ्या महिन्यात एका सहकारी बाईंचं आडनाव बदललं, त्याबरोबर ईमेल बदलला आणि प्रशिक्षणाच्या पोर्टलाने त्यांना नवी व्यक्ती समजून कोरं खातं उघडून दिलं. चार वर्षांची प्रमाणपत्रं जुन्या खात्यात, त्या नव्यात. त्यांनी फोन करून विचारलं, "मी आज रुजू झाले का?" मला हसूही येईना.

मग कर्मचारी क्रमांक धरायचं ठरलं. तो तरी बदलत नाही. पण जावावाल्या पोर्टलात तो मजकूर म्हणून साठवलेला, ००४७१. डॉटनेटवाल्यात आकडा म्हणून, ४७१. पुढच्या शून्यांवरून तीन दिवस गेले. ज्यांच्या क्रमांकाला शून्य नव्हतं त्यांचं व्यवस्थित चालत होतं, आणि चाचणी करणारे आम्ही चौघंही नेमके त्यांच्यातलेच.

आणखी एक गंमत. काही वरिष्ठांनाच रजेचं पान उघडेना, बाकी सगळ्यांना उघडे. ही मंडळी चाळीस-पन्नास गटांत असतात आणि आम्ही सगळ्या गटांची नावं टोकनमध्ये, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रात, कोंबत होतो. टोकन हेडरमधून, म्हणजे विनंतीच्या माथ्यावरच्या माहितीतून जातं, टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरची हेडरची मर्यादा मुळात ८ केबी, ती ओलांडली की चारशे क्रमांकाची चूक, म्हणजे विनंतीच नाकारली जाते. मर्यादा वाढवायचा मोह होता. त्याऐवजी त्या पोर्टलाला लागणाऱ्या भूमिकाच टोकनमध्ये ठेवल्या.

सर्व्हरची घड्याळं जुळवा, एवढंच सांगून पुढे जातो. एसएएमएलच्या पत्रावर ते कधीपासून ग्राह्य याची वेळ असते, देणाऱ्याचं घड्याळ पुढे असेल तर घेणारा म्हणतो, "हे अजून लागू झालेलं नाही."

एकत्रित शोधाचं काय झालं? तीन ठिकाणचे निकाल एका यादीत मिसळायचा नाद आम्ही सोडला. प्रत्येक शोध-इंजिन निकालांना देतं ते गुण वेगळ्या मापाचे, त्यांची तुलना कशाशी करणार? आता तीन टॅब आहेत, बोलणी खातात पण फसवत नाहीत. मात्र परवानगी शोधाच्या वेळीच तपासा. आमच्याकडे फाइल उघडत नव्हती, पण तिचं शीर्षक यादीत दिसत होतं. कधीकधी सगळी बातमी शीर्षकातच असते.

लॉगआउटचा घोळ मात्र अजून सुटलेला नाही. मुख्य पानावरून बाहेर पडलं तरी प्रशिक्षणाच्या पोर्टलाचं स्वतःचं सेशन (लॉगिन झालेली अवस्था) चालूच राहतं, कारण कीक्लोकचा बाहेर पडल्याचा निरोप त्याला समजत नाही. एका सामायिक संगणकावर एकाच्या जागी दुसरा बसला आणि त्याने पहिल्याच्या नावाने अख्खी परीक्षा दिली. (उत्तीर्णही झाला.) म्हणून सगळीकडे निष्क्रिय सेशनची मुदत ३० मिनिटांवर आणली. लगेच तक्रार आली: एकाने वैद्यकीय खर्चाचा लांबलचक अर्ज पाऊण तास भरला, पाठवायचं बटण दाबलं आणि समोर लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. आता अर्ज दर मिनिटाला मसुदा म्हणून आपोआप जतन होतो. ही सोय पहिल्या दिवशीच हवी होती.

पुन्हा करायचं झालं तर कीक्लोक ठेवेन, आयफ्रेम निम्म्या करेन, आणि पडद्याला हात लावण्याआधी तिन्ही पोर्टलांतल्या वापरकर्त्यांच्या याद्या शेजारी-शेजारी मांडून बसेन. प्रशिक्षणाच्या पोर्टलाचा लॉगआउट दुरुस्त होईपर्यंत तिथून वेगळं बाहेर पडावं लागतं. तशी सूचना मुख्य पानावर लाल अक्षरांत लावली आहे. काल मीच विसरलो.