ट्रान्सफर केसचं बिल, बिघाड मात्र व्हॅक्यूमच्या नळीत

लीव्हर फोर-हायवर (चारही चाकांना जोर देणाऱ्या खाचेत) नीट बसतो, पण चिखलात पुढची दोन्ही चाकं जागची हलत नाहीत. जुन्या पिकअपची ही तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये गेला, की गाडी वर उचलायच्या आधीच निदान ऐकायला मिळतं: "ट्रान्सफर केस गेली," म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी मोडली. अशाच निदानावर एका पिकअपची ट्रान्सफर केस उतरवली गेली आणि चेन, बेअरिंगं बदलल्याचं बिल झालं. गाडी परत आली तेव्हा डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवासुद्धा लागत होता. पहिल्याच चिखलात पुढची चाकं पुन्हा थंड.

दुसऱ्या हातांनी गाडी तपासली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पुढच्या ॲक्सलवरच्या व्हॅक्यूम ॲक्च्युएटरकडे (इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर ॲक्सल जोडणाऱ्या डबीकडे) जाणारी रबरी नळी जिथे वाकते तिथे चिरलेली होती. नळी सरळ असताना चीर दिसत नव्हती, बोटांनी वाकवल्यावर तिचं तोंड उघडायचं. आणि दिव्याची वायर ॲक्सलवरच्या स्विचवरून काढून लीव्हरजवळच्या स्विचला जोडली होती. ॲक्सल जोडला गेला की लागायचा तो दिवा आता फक्त लीव्हर हलला की लागत होता. मूळ बिघाड जिथल्या तिथे, आणि त्याची खबर देणारी सोयही गेली.

ही थाप पचते, कारण "दोन्ही चाकं ओढत नाहीत, म्हणजे मोठंच काहीतरी मोडलंय" हे कुणालाही पटतं. प्रत्यक्षात उलट आहे. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा संच) साधं, म्हणजे लॉक नसलेलं असेल, तर एका बाजूचा शाफ्ट सुटा राहिला तरी सगळं फिरणं त्याच बाजूने निघून जातं आणि दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये एका बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. एक फोर्क (दुबेळकं) कॉलर (दातेरी कडं) सरकवून ते तुकडे जोडतो, आणि फोर्क हलवतो तो ॲक्च्युएटरमधला, व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा. एवढीशी नळी फाटली की दोन्ही चाकं गेली.

म्हणून ट्रान्सफर केस उघडायला हो म्हणण्याआधी ही तपासणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. सपाट, घट्ट जागेवर मागच्या चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद, किल्ली खिशात, लीव्हर फोर-हायवर. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, हाताने फिरवून बघा. दाते समोरासमोर नसतील तर तो थोडा फिरून अडकेल. त्यानंतर किरकोळ ढिलाई सोडली तर हलता कामा नये. तो अडकला म्हणजे ट्रान्सफर केस आपलं जोडायचं काम करते आहे. चेन सैल असेल तर ती जोर पडल्यावर दात सोडते आणि मोठा कडकड आवाज येतो. आवाज नाही आणि शाफ्ट पक्का धरलेला आहे, तर बिघाड पुढे शोधायचा.

हातपंपाने, म्हणजे गेज असलेल्या व्हॅक्यूम पंपाने, ॲक्च्युएटरच्या जोडणाऱ्या तोंडावर 15 इंच पारा इतका व्हॅक्यूम द्या आणि चाक हळू फिरवा. कॉलर बसल्याचा टक् असा आवाज येतो. आता एक चाक फिरवलं की दुसरं उलट दिशेने फिरायला हवं. काटा अर्धा मिनिट जागेवर राहिला तर डायफ्रॅम चांगला, घसरला तर फाटला. काही ॲक्च्युएटरला दोन तोंडं असतात, एक जोडायला आणि एक सोडवायला. दोन्ही तपासा. डायफ्रॅम चांगला निघाला तर पेट्रोल इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि काढलेल्या नळीच्या टोकाला गेज लावा. मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर) साधारण 17 ते 21 इंच आणि इथे 5-6 इंचच असेल, तर दोष नळीत किंवा मधल्या व्हॅक्यूम स्विचमध्ये आहे.

नळीत तेल दिसलं तर थांबा. फोर्कच्या दांड्याचं किंवा व्हॅक्यूम स्विचचं सील गळतंय. सील न बदलता नुसता ॲक्च्युएटर बदलला तर गिअर ऑइल नव्या डायफ्रॅमचंही रबर फुगवून टाकतं.

पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे) असतील तर काम आणखी सोपं. लॉकवर चाकाबरोबर शाफ्ट फिरला पाहिजे, फ्रीवर स्थिर राहिला पाहिजे. डायल फिरते पण आतली रिंग घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अडकते, हे नेहमीचंच. हबमध्ये ग्रीस ठासून भरू नये, पातळ थर पुरतो.

"ऑइलमध्ये लोखंड निघालं" असं सांगून डिफरन्शियल बदलायला लावतात, तिथेही घाई नको. मॅग्नेट असलेल्या ड्रेन प्लगवर राखाडी मऊ लगदा असणं ही साधी झीज आहे. बोटांना टोचणारे तुकडे किंवा दाताची कड सापडली तरच काळजी. दुधट ऑइल म्हणजे पाणी शिरलंय, ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी नळी बघा. आणि ड्रेन उघडण्याआधी भरायचा प्लग उघडतोय याची खात्री करा, नाहीतर ऑइल जाईल आणि परत भरता येणार नाही.

सगळ्यांत महाग पडते ती जुन्या बाजारातल्या डिफरन्शियलची बदली. बाहेरून तंतोतंत सारखं, पण मागे 3.73 आणि पुढे 4.10 गिअर रेशोचं (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे तितके फेरे) बसवलं जातं. मग फोर-व्हीलमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस खरोखरच मोडते. ताबा घेण्याआधी मोजा: पुढची चाकं वर, ॲक्सल जोडलेला, ट्रान्सफर केस टू-हायवर (जोर फक्त मागच्या चाकांना). एक चाक कुणीतरी धरून ठेवायचं, दुसरं खडूची खूण करून 20 फेरे फिरवायचं. प्रोपेलर शाफ्टचे साधारण 37 फेरे झाले तर 3.73, 41 झाले तर 4.10. मागच्या ॲक्सललाही असंच मोजा.

शेवटची चाचणी मोकळ्या मातीवर किंवा ओल्या गवतावर घ्या. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळवलं की चांगली गाडीसुद्धा अडखळते आणि लीव्हर निघत नाही. काही मीटर सरळ रिव्हर्स घेतलं की तो सुटतो. त्या अडकलेल्या लीव्हरसाठी पुन्हा बिल भरू नका.