ग्राफिक्स कार्ड घेताना मी आलेख पाहिला, तळटीप नाही

संगणकावर गेमचं चित्र काढणाऱ्या नव्या ग्राफिक्स कार्डासाठी मी दीड वर्ष पैसे साठवले. कंपनीने दाखवलेल्या आलेखात माझ्या जुन्या कार्डाचा स्तंभ नव्याच्या निम्माच होता. विक्रीआधी आलेले दोन-तीन प्रिव्ह्यूही पाहिले, त्यांतही आकडे जुळत होते. मग कशाला थांबायचं? पहिल्याच दिवशी कार्ड घेतलं.

नेहमीचा गेम लावला. जुन्या कार्डावर सेकंदाला सरासरी 48 फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मिळायच्या, नव्यावर 57. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला, केबल तपासल्या, पॉवर सप्लायवर संशय घेतला. दोन दिवस त्यात गेले. शेवटी आलेखाखालची बारीक अक्षरांतली ओळ वाचली: नव्या कार्डाचे आकडे फ्रेम जनरेशन चालू ठेवून घेतले होते. जुन्या कार्डात ती सोयच नाही.

मी ती चालू केली आणि आकडा 96 वर गेला. आलेख अगदी तंतोतंत. पण यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक अंदाजाने बनवलेली फ्रेम घालतं. ती बनवण्यातही कार्डाची ताकद खर्च होते, म्हणजे खऱ्या फ्रेम 57 वरून 48च, जुन्या कार्डाएवढ्या! मधल्या फ्रेममुळे चित्र गुळगुळीत दिसतं, पण ती बनवायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते, त्यामुळे माउस हलवल्यावर प्रतिसाद उशिरा येतो. ज्याला नुसतं दृश्य पाहायचं आहे त्याला हे चालेल. मला वेगवान गेम खेळायचे होते.

प्रिव्ह्यूंचं गौडबंगाल त्याहून वाईट. कोणते गेम, कोणती सेटिंग, तुलना कोणत्या कार्डाशी, हे सगळं कंपनीने ठरवून दिलं होतं. स्वतःच्या पद्धतीने मोजणाऱ्यांना विक्रीच्या दिवसापर्यंत ड्रायव्हरच मिळाला नव्हता. त्यांचे रिव्ह्यू आले तेव्हा माझी पेटी फोडून झाली होती.

हे दुखणं जुनं आहे. 2001 मध्ये एटीआय या कंपनीच्या रेडिऑन 8500 या कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक 3' हा गेम फाइलच्या नावावरून ओळखायचा आणि टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा उतरवून वेग वाढवायचा. फाइलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं की वेग घटायचा, चित्र सुधारायचं. 2003 मध्ये कार्डाचा वेग मोजणाऱ्या थ्रीडीमार्क 03 या चाचणीत एनव्हीडिया या दुसऱ्या कार्ड कंपनीचं प्रकरण निघालं. चाचणीतला कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो, म्हणून त्याच्या नजरेत न येणारा भाग ड्रायव्हर रेखाटतच नव्हता. चाचणीत दुरुस्ती केल्यावर तिच्या जीफोर्स एफएक्स 5900 अल्ट्रा या कार्डाचे गुण सुमारे 24 टक्क्यांनी घसरले. तेव्हा निदान चोरी लपवावी लागत होती. आता ती तळटीपेत छापतात, याचाच मला जास्त राग येतो.

तुम्ही कार्ड घेणार असाल तर फ्रेम जनरेशन बंद ठेवून, दोन्ही कार्डांवर एकच रिझोल्यूशन आणि एकच सेटिंग लावून घेतलेले आकडे मागा. सरासरीशेजारी 'वन पर्सेंट लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, दिलेला नसेल तर गेम अडखळतो का ते कळत नाही. परीक्षकाने कार्ड विकत घेतलं की कंपनीने पाठवलं, तेही बघा. आणि असे रिव्ह्यू येईपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.

मी कार्ड परत करू पाहिलं. उत्तर आलं की कार्डात कोणताही दोष नाही आणि चाचणीच्या अटी आलेखाखाली नमूद केल्या होत्या.