तिवोलीला एकच दिवस: दरी, कारंजी की सम्राटाचा वाडा?

रोममध्ये चार-पाच दिवसांचा मुक्काम असला की एक दिवस शहराबाहेर काढायचा बेत ठरतो आणि त्यात तिवोलीचं नाव हमखास येतं. रोमच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर, आनिएने नदी डोंगरातून मैदानात उडी घेते तिथे कडेवर वसलेलं हे छोटं गाव. प्राचीन रोमन लोक त्याला तिबुर म्हणत आणि शहरातल्या उकाड्याला कंटाळलेले श्रीमंत इथे हवा खायला येत. पंचाईत अशी की पाहण्यासारख्या मोठ्या जागा तीन आणि तिन्हींच्या नावात 'विला': विला ग्रेगोरियाना, विला देस्ते, विला आद्रियाना. नावांवरून काहीच उलगडत नाही. प्रत्यक्षात पहिली आहे दरी, दुसरी बाग आणि तिसरी एका सम्राटाच्या वाड्याचे अवशेष.

मी तिथे दोनदा गेले. पहिल्यांदा एकटी, दुसऱ्यांदा आईला घेऊन. दोन्ही वेळा दिवस अगदी वेगळा गेला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. गुडघे साथ देत असतील आणि एकच जागा पाहायची असेल, तर विला ग्रेगोरियाना पाहा. बहुतेक सहली विला देस्ते पाहून परततात आणि ही दरी राहून जाते, याची मला खरंच हळहळ वाटते.

ही दरी अशी दिसते त्यामागे एक महापूर आहे. १८२६ मध्ये आनिएनेला एवढं पाणी आलं की गावातली घरं वाहून गेली. मग नदीलाच गावापासून दूर न्यायचं ठरलं. मोंते कातिल्लो हा शेजारचा डोंगर पोखरून दोन बोगदे खणले आणि १८३५ मध्ये, पोप ग्रेगरी सोळावे यांच्या काळात, नदी त्यांतून वळवली. बोगद्यांच्या तोंडातून ती जिथे खाली कोसळते तो आजचा मोठा धबधबा, १०० मीटरहून उंच. नदीच्या जुन्या वाटेवरची दरी, गुहा आणि रान मिळून उद्यान झालं आणि त्याला पोपचं नाव मिळालं. पुढे हे उद्यान ओस पडलं, कचऱ्याने भरलं. इटलीचा वारसा जपणाऱ्या 'फाय' या संस्थेने ते हाती घेऊन साफ केलं आणि २००५ मध्ये पुन्हा खुलं केलं.

पायवाट आधी खाली उतरते. मोठा धबधबा समोरून दिसतो, मग झाडी दाट होते आणि पाण्याचा आवाज खालून यायला लागतो. तळाशी सिरेनांची (ग्रीक पुराणांतल्या, गाण्याने भुलवणाऱ्या स्त्रियांची) गुहा आहे. तिथे नदी फेसाळत येते आणि कातळाच्या फटीत गडप होते. कठड्याला हात लावला तर ओला, गार. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते. पुढे वर चढताना मिओलिस नावाच्या फ्रेंच सेनापतीने कातळात खोदवलेला बोगदा लागतो. त्याला अधूनमधून खिडक्या कोरलेल्या आहेत आणि प्रत्येक खिडकीतून दरीचा वेगळा तुकडा दिसतो. नेपच्यूनची गुहा ओलांडून शेवटची चढण संपली, की कड्याच्या टोकावर दोन देवळं उभी दिसतात, ख्रिस्तपूर्व काळातली. त्यांतलं गोल देऊळ व्हेस्टा या रोमन अग्निदेवतेचं म्हणून ओळखलं जातं.

अडचणही सांगायला हवी. पायऱ्या खूप, काही ठिकाणी निसरड्या. उतरताना काही वाटत नाही, कस लागतो तो परत वर येताना. पायात पकड असलेले बूट हवेतच. लहान मूल बाबागाडीत असेल तर हा बेत सोडून द्या. शिवाय ऐन हिवाळ्यात उद्यान काही काळ बंद असतं आणि हवा बिघडली तरी बंद ठेवतात. निघण्याआधी त्या दिवसाच्या वेळा पाहून घ्या.

विला देस्ते अगदी गावात आहे. पोपची मुलगी म्हणून गाजलेल्या लुक्रेझिया बोर्जियाचा मुलगा, कार्डिनल म्हणजे चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू असलेला इप्पोलितो देस्ते, १५५० मध्ये तिवोलीचा कारभारी म्हणून आला आणि डोंगराच्या उतारावर त्याने पिर्रो लिगोरिओ या वास्तुविशारदाकडून ही बाग आखून घेतली. आकार म्हणाल तर साडेचार हेक्टर, म्हणजे जेमतेम ११ एकर. पण कारंजी मोजता मोजता माणूस थकतो. विशेष म्हणजे ती चालवायला पंप नव्हते. गावाखालून बोगदा काढून आनिएनेचं पाणी बागेच्या माथ्यावर आणलं आणि पुढचं काम उतारावर सोपवलं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली हुशारी लगेच उमगेल.

'शंभर कारंजी' नावाची लांबलचक भिंत नुसती बघत चालू नका, थांबून जवळून पाहा. दगडी मुखवट्यांच्या तोंडातून धारा पडतात आणि त्या तोंडांवर शेवाळ, नेचे आणि चुन्याचा थर चढलेला असतो. काही चेहऱ्यांची नाकं-डोळे पार बुजले आहेत. या भागातलं पाणीच चुनखडीचं. असल्याच पाण्याने साचवलेला ट्रॅव्हर्टाइन दगड तिवोलीच्या खाणींतून काढून रोमचं कोलोसियम बांधलं.

पाण्याच्या दाबाने हवा कोंडून वाजणारं ऑर्गनचं कारंजं ठरावीक वेळांनाच वाजतं. आईबरोबर गेले तेव्हा आम्ही पोचलो आणि ते नुकतंच थांबलं होतं. मग खालच्या मत्स्यतळ्यांच्या काठी बसून पुढच्या वेळेची वाट पाहिली. आईला तो बसण्याचा तासच सगळ्यात आवडला. ऑर्गनच्या कारंज्याखालचं नेपच्यून या समुद्रदेवाचं भव्य कारंजं, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात, ते मात्र १९२०च्या दशकातलं आहे. सुंदर आहेच, पण कार्डिनलने ते कधी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर विला देस्तेच. इथेही उतार आणि पायऱ्या आहेत, पण टप्प्याटप्प्याने, आणि बसायला जागा मिळते. तोटा गर्दीचा. दरीत तुम्ही नदीबरोबर एकटे असू शकता, इथे क्वचितच.

विला आद्रियानाचा हिशोब वेगळा. ती गावात नाहीच. पाच-सहा किलोमीटर खाली मैदानात आहे आणि गावातून तिकडे स्थानिक बसने जावं लागतं. सम्राट हेड्रियनने इ.स. ११८च्या सुमारास काम सुरू केलं आणि पसारा वाढत वाढत सुमारे १२० हेक्टरांवर, म्हणजे जवळजवळ ३०० एकरांवर गेला. प्रवेशाजवळ सगळ्या परिसराची प्रतिकृती ठेवली आहे. ती दहा मिनिटं नीट पाहा, नाहीतर आत गेल्यावर प्रत्येक भिंत सारखीच वाटेल. इजिप्तमधल्या कनोपस गावाचं नाव दिलेला लांब तलाव आणि त्याच्या काठचे पुतळे फोटोंमुळे ओळखीचे असतात. मला जास्त भावलं ते 'सागरी नाट्यगृह' म्हणतात ते. गोल पाणी, मधे बेट, बेटावर छोटंसं घर. साम्राज्याचा कारभार हाकणाऱ्या माणसाने स्वतःसाठी खंदक खणून एकांत राखला होता. जमिनीखाली सेवकांच्या ये-जा करण्याचे रस्ते होते, म्हणजे वरच्यांना खालचे दिसायला नकोत. हे कळल्यावर त्या संगमरवराकडे मी पहिल्यासारखी पाहू शकले नाही.

लिगोरिओने याच अवशेषांत खणून संगमरवर आणि मूर्ती वर विला देस्तेत नेल्या. त्यामुळे इतिहासाची खरी गोडी असेल तर आद्रियाना आधी आणि देस्ते नंतर हा क्रम फार छान जमतो. पण जुलै-ऑगस्टच्या भर दुपारी इथे येऊ नका. सावली फार थोडी, चालणं भरपूर. किमान तीन तास धरा, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

तिन्ही एका दिवसात उरकता येतात का? येतात. माझा सल्ला विचाराल तर नको. दरी आणि देस्ते यांत पायी पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे, त्यामुळे ती जोडी सहज जमते. सकाळी अंगात जोर असताना दरी, मग जेवण, आणि ऊन कलल्यावर कारंजी. रोमच्या तिबुर्तिना स्थानकावरून गाडीने साधारण तासाभरात तिवोली येतं आणि स्थानक दरीच्याच बाजूला पडतं. पोन्ते माम्मोलो मेट्रोपासून बसही आहे. तिचा वाटेतला थांबा आद्रियानाला जाणाऱ्यांना बरा पडू शकतो, पण सगळ्या बस एकाच मार्गाने जात नाहीत, म्हणून चढतानाच चालकाला विचारा.

आणि तिकिटांना कंटाळला असाल तर एक चौथी वाटही आहे. नदी ज्याच्या पोटातून जाते तो मोंते कातिल्लो आता राखीव निसर्गक्षेत्र आहे. वर कॉर्क ओकची झाडं आहेत, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात. चढ खडकाळ आणि उघडा, पण वरून गाव, दरी आणि दूरवर रोमचं मैदान एका नजरेत येतं. मी अर्ध्यातूनच परतले, ऊन चढलं होतं. पुढच्या वेळी पहाटेच्या गाडीने जाणार आहे.