साँग्ज ऑफ द डाइंग अर्थ: जाडजूड आहे पण घ्याच

परभणीत मे महिन्याची दुपार, लाईट गेलेली, बाहेर ऊन भाजायलंय आणि मी वाचायलोय विझत आलेल्या लाल सूर्याखालच्या गोष्टी. अमेरिकन लेखक जॅक व्हॅन्सनं १९५० ला 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात हे जग उभं केलं, २००९ ला जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि गार्डनर डोझवा या संपादकांनी दुसऱ्या लेखकांकडून त्याच जगातल्या नव्या कथा या संग्रहासाठी लिहून घेतल्या, तेही व्हॅन्स हयात असताना, हे लई भारी वाटलं. कथा संपली की लेखक सांगतो व्हॅन्स पहिल्यांदा हाताला कसा लागला, मी तर आधी तेच वाचत सुटलो. काहींनी नुसती त्याची जडजड भाषा उचललीय, तिथं कंटाळा येतो. मार्टिनची, फुसफुसणाऱ्या वाम माशांसाठी नावाजलेल्या खानावळीची कथा मात्र दोनदा वाचली. व्हॅन्स वाचला नसेल तर आधी मूळ पुस्तक घ्या.